तीन विरुद्ध एक: प्रोजेक्ट गटातला डेटाबेसचा निर्णय आणि त्याची दुरुस्ती

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गट बहुतेक वेळा चार जणांचा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेत हे काम सातव्या आणि आठव्या सत्रात दोन टप्प्यांत विभागलेलं आहे. स्टेज वनला विषय, सायनॉप्सिस (विषयाचा थोडक्यात प्रस्ताव) आणि आराखडा; स्टेज टूला प्रत्यक्ष बांधणी, टेस्टिंग, ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) आणि एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर, तोंडी परीक्षा. या रचनेत एक अडचण मुळातच आहे. सगळ्यात महाग निर्णय स्टेज वनला घ्यावे लागतात, म्हणजे विषयाची समज सगळ्यात कमी असते तेव्हा, आणि त्यांची किंमत कळते जानेवारीनंतर.

खालचं प्रकरण अशाच एका निर्णयाचं आहे. हा गट कुठल्या एका कॉलेजचा नाही. अशा गटांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका गटात एकत्र आणून मांडल्या आहेत. तांत्रिक मर्यादा आणि त्यांचे आकडे मात्र खरे आहेत. कुणीही पडताळून पाहावेत.

काम काय होतं

वसतिगृहात ४०० मुलं. मेसमध्ये रोज तीन वेळचं: नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण. स्वयंपाक अंदाजाने होतो, त्यामुळे शुक्रवारी रात्री मुलं घरी गेली की पोळ्या उरतात आणि परीक्षेच्या काळात सगळे थांबले की भाजी कमी पडते. ॲपने एवढंच करायचं होतं: उद्याचं कुठलं जेवण नको ते मुलाने आदल्या रात्री ९ वाजेपर्यंत कळवायचं, आणि मेसच्या कंत्राटदाराला प्रत्येक वेळचा आकडा मिळायचा. महिनाअखेरीस, न जेवलेल्या दिवसांची सूट प्रत्येकाच्या बिलातून वजा व्हायची.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. सायनॉप्सिसमध्ये त्याला अर्धी ओळ मिळाली होती: ‘रिपोर्ट मॉड्यूल’.

गटात चौघं. गटप्रमुख, ज्याने विषय सुचवला आणि जो मॅडमशी, म्हणजे गाईडशी, बोलायचा. ॲपवाला, ज्याने उन्हाळ्याच्या इंटर्नशिपमध्ये फ्लटर (ॲप बनवायचं साधन) आणि फायरबेसवर (गूगलची तयार सर्व्हर-सेवा) काम केलं होतं. डेटाबेसवाली, जिला एसक्यूएल (टेबलांतल्या डेटाला प्रश्न विचारायची भाषा) चांगलं येत होतं पण बैठकीत ती कमी बोलायची. आणि वसतिगृहातला, जो मेस समितीवर होता. कोडिंगमध्ये आपण कच्चे आहोत असं त्याचं स्वतःचं मत, त्यामुळे तांत्रिक चर्चेत तो मान डोलवून मोकळा व्हायचा.

पहिला निर्णय

सायनॉप्सिस शुक्रवारी द्यायची होती. बुधवारी लॅब बंद व्हायच्या सुमारास गटप्रमुखाने विचारलं, “डेटाबेस काय लिहू? फायरबेस की पोस्टग्रेस?” पोस्टग्रेस म्हणजे एसक्यूएलवर चालणारा, टेबलांचा डेटाबेस.

ॲपवाला लगेच म्हणाला, “अरे फायरबेसच. बॅकएंड लिहायलाच नको. लॉगिन पण तयार मिळतं. मी वापरलंय.”

डेटाबेसवाली म्हणाली, “रिपोर्टला एसक्यूएल बरं पडलं असतं.”

“केवढासा रिपोर्ट असणार आहे? शेवटी एक पीडीएफच काढायचीये.”

ती गप्प बसली. वसतिगृहातला फोनमध्ये बघत होता. गटप्रमुखाने व्हॉट्सॲपवर पोल टाकला. ॲपवाल्याचं मत पहिलं पडलं, मग गटप्रमुखाचं, मग वसतिगृहातल्याचं. तीन विरुद्ध एक. सायनॉप्सिसमध्ये ‘फायरबेस फायरस्टोअर’ (फायरस्टोअर हा फायरबेसमधला डेटाबेस) असं लिहून गट घरी गेला.

या निर्णयात कुणी आडमुठेपणा केला नाही, कुणी आळसही केला नाही. फायरबेस वाईट निवड होती असंही नाही. तरी ही बैठक फसली, आणि ती तीन जागी फसली.

पहिली जागा प्रश्नाची. ‘फायरबेस की पोस्टग्रेस’ हा प्रश्न दिसायला एक आहे, पण त्यात किमान चार प्रश्न गुंतलेले आहेत. नोंदी कशा आकारात साठवायच्या? त्या कुठल्या सेवेवर ठेवायच्या? सर्व्हरचं काम कोण करणार? आणि तोंडी परीक्षेत त्या भागाबद्दल कोण बोलणार? चौथा प्रश्न मोठ्याने कुणी विचारत नाही, पण प्रत्येकाच्या मनात तो असतो. आपल्याला येत नसलेलं तंत्र निवडलं तर एक्स्टर्नलसमोर आपण मुके होऊ, ही भीती खरी आहे आणि मतदानात ती उतरते. गटप्रमुखाचं मत मुख्यतः या भीतीचं होतं.

दुसरी जागा क्रमाची. ज्याला सगळ्यात जास्त खात्री तो आधी बोलला आणि त्यानंतरचं सगळं बोलणं त्याच्या मताला उत्तर म्हणून झालं. पोलमध्येही कुणाचं मत कुठे पडलं ते बाकीच्यांना दिसत होतं. दोन मतं एका बाजूला दिसल्यावर तिसरं मत देणारा आपली माहिती तपासत नाही, गटाचा कल तपासतो.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची: कुणाकडे काय माहिती आहे, हे कुणी विचारलंच नाही.

चौघांकडे असलेले चार तुकडे

वसतिगृहातल्याला माहीत होतं, की कंत्राटदाराला रोजचा आकडा हवा असतो हे खरं, पण भांडणं होतात ती महिनाअखेरीच्या बिलातल्या सवलतीवरून. ‘मी १२ तारखेला नव्हतो’, ‘होतास, सही आहे’, असं चालतं. म्हणजे प्रत्येक मुलाचा महिन्याचा पूर्ण तक्ता काढता येणं ही या प्रोजेक्टची खरी कसोटी होती. हे त्याला इतकं उघड वाटत होतं, की वेगळं सांगायची गरज आहे असं त्याच्या मनातही आलं नाही.

डेटाबेसवालीला माहीत होतं, की एका जेवणाची एक नोंद धरली तर रोज १,२०० आणि महिन्याला ३६,००० नोंदी होतात.

ॲपवाल्याला माहीत होतं, की फायरस्टोअरच्या फुकट योजनेत दिवसाला ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मिळतात, आणि क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) जितके दस्तऐवज (फायरस्टोअरमधली एक नोंद म्हणजे एक दस्तऐवज) परत आणले तितकी वाचनं धरली जातात. इंटर्नशिपच्या कंपनीत पैसे भरलेली योजना होती, म्हणून या मर्यादेची झळ त्याला कधी लागली नव्हती.

आणि गटप्रमुखाला मॅडमकडून कळलं होतं, की स्टेज टूच्या पहिल्या रिव्ह्यूला महिन्याच्या खोट्या डेटावर चालणारा डेमो दाखवावा लागेल.

चार तुकडे शेजारी ठेवले की गणित दोन ओळींचं आहे. महिन्याचा रिपोर्ट एकदा काढला की ३६,००० वाचनं. त्याच दिवशी दुसऱ्यांदा काढायला गेलं की ७२,०००, म्हणजे मर्यादेबाहेर. रोजचा आकडा बघायलाही प्रत्येक वेळी १,२०० नोंदी वाचायच्या असतील तर ४२व्या वेळी ५०,००० ओलांडतात. हे गणित त्या बुधवारी पाच मिनिटांत होण्यासारखं होतं. झालं नाही, कारण एकाही माणसाकडे चारही आकडे नव्हते.

सामाजिक मानसशास्त्रात हा प्रकार चांगला अभ्यासलेला आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ साली विद्यार्थ्यांच्या चार-चारच्या गटांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी काल्पनिक उमेदवार निवडायला सांगितले. माहिती सगळ्यांत अशी वाटली होती की सगळ्यात चांगला उमेदवार कोण, ते तुकडे जुळवल्याशिवाय कळू नये. चर्चा करून तुकडे जुळवणं गटांना शक्य होतं. तरीही गट चर्चेआधी ज्याच्याकडे जास्त जणांचा कल होता त्याच उमेदवाराकडे गेले. गटात बोललं जातं ते मुख्यतः सगळ्यांना आधीच माहीत असलेलं. एकट्याकडे असलेली गोष्ट एक तर निघत नाही किंवा निघाली तरी पुन्हा कुणी उचलत नाही. डेटाबेसवालीचं ‘रिपोर्टला बरं पडलं असतं’ हे वाक्य नेमकं असंच हवेत विरलं.

प्रोजेक्ट गटांत हे जास्त घडतं, कारण काम आधीच वाटलेलं असतं. ‘तू ॲप बघ, मी डेटाबेस बघते’ असं ठरलं की ज्ञानही त्याच रेषेवर वाटलं जातं. कामाची वाटणी चांगलीच आहे. पण वाटणी झालेल्या गटाने तुकडे गोळा करण्याची पद्धत मुद्दाम बसवावी लागते. ती आपोआप बसत नाही.

जानेवारीत काय मोडलं

आधी एक छोटी गोष्ट मोडली. फायरस्टोअर ‘टेस्ट मोड’मध्ये सुरू केलं की सुरक्षेचे नियम सगळ्यांना खुले असतात आणि ते ३० दिवसांनी आपोआप बंद होतात. गटाने नोव्हेंबरच्या शेवटी प्रोजेक्ट तयार केला होता, त्यामुळे नाताळच्या सुमारास ॲप सगळीकडे ‘परवानगी नाही’ म्हणायला लागलं. ॲपवाल्याने रात्री नियमातली तारीख पुढे ढकलली आणि काम चालू केलं. गटाला सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी ही दुरुस्ती होती. प्रत्यक्षात तो निर्णय होता: कुणीही कुणाचीही जेवणाची नोंद बदलू शकेल अशा स्थितीत डेटा आणखी काही महिने ठेवायचा. असे न घेता घेतलेले निर्णय मतदानाने घेतलेल्या निर्णयांपेक्षा जास्त नुकसान करतात, कारण त्यांची चर्चा करायला कुणाला ते माहीतच नसतात.

मग मोठी गोष्ट. रिव्ह्यूसाठी महिन्याचा खोटा डेटा भरायचा होता. ३६,००० नोंदी, दिवसाला २०,००० लेखनांची मर्यादा. स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली आणि भरणं दोन दिवस चाललं. रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी रिपोर्ट एकदा चालवून बघितला. तो आला. तक्त्यात एक रकाना चुकला होता, तो दुरुस्त करून पुन्हा चालवला आणि मधेच क्वोटा, म्हणजे दिवसाची मर्यादा, संपल्याची एरर आली. कन्सोलमध्ये, म्हणजे फायरबेसच्या वेबपानावर, जाऊन नोंदी चाळल्या तर त्याचीही वाचनं मोजली जातात, त्यामुळे शोधाशोध करताना उरलंसुरलंही गेलं असतं.

आता वाट बघायची, दिवस बदलला की क्वोटा नवा मिळेल, असं गटाला वाटलं. पण ही मर्यादा पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ववत होते. जानेवारीत ती वेळ भारतात दुपारी दीडची. रिव्ह्यू सकाळी ११ला होता. लॉगिनच्या पुढचं एकही पान उघडलं नाही आणि मॅडमनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

त्या संध्याकाळच्या व्हॉट्सॲप चर्चेत पुन्हा तोच प्रश्न तसाच्या तसा आला: पोस्टग्रेसवर जायचं का? या वेळी दोन विरुद्ध दोन. पुन्हा पोल टाकला असता तर कदाचित गटप्रमुखाचं मत फिरलं असतं आणि गट मोठ्या कामात उडी मारून मोकळा झाला असता. मॅडमनी एक अट घातली, की निर्णय काहीही घ्या, पण कागदावर लिहून आणा. त्या अटीमुळे दुसरी बैठक वेगळी झाली.

दुसरी बैठक, पायरी-पायरीने

दीड तासाची बैठक, फोन बॅगेत, फळा आणि कोरे कागद.

पहिली वीस मिनिटं कुणी बोललं नाही. प्रत्येकाने एकट्याने तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली. माझ्या भागातली अशी कुठली गोष्ट आहे जी बाकी तिघांना बहुधा माहीत नाही? मला आवडणारा पर्याय कुठे मोडेल? आणि मेपर्यंत मी आठवड्याला खरोखर किती तास देऊ शकतो?

दुसरा प्रश्न मुद्दाम आपल्याच आवडीच्या पर्यायाबद्दल आहे. समोरच्याच्या पर्यायातले दोष कुणालाही सांगता येतात आणि ते ऐकताना समोरचा बचावाला उभा राहतो. आपल्या पर्यायाचं दुखणं आपल्यालाच सगळ्यात जास्त माहीत असतं.

मग पाळीपाळीने वाचन. एका वेळी एकाने एकच मुद्दा वाचायचा, तो फळ्यावर लिहायचा, त्यावर वाद घालायचा नाही. फक्त न कळलेलं विचारायचं. सुरुवात वसतिगृहातल्यापासून, शेवट गटप्रमुखावर. आधी एकट्याने लिहिणं आणि मग पाळीने मांडणं ही पद्धत नवी नाही. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन द व्हेन यांनी १९७१ साली ती नियोजनाच्या कामासाठी मांडली. विद्यार्थी गटांना ती चपखल बसते, कारण कमी बोलणाऱ्याला ती आपोआप जागा देते. ‘तूही बोल ना’ असा आग्रह केल्याने तशी जागा मिळत नाही.

फळ्यावर आलेल्या सगळ्यात उपयोगाच्या तीन गोष्टी आधीच्या कुठल्याही चर्चेत आल्या नव्हत्या. वसतिगृहातल्याने वाचलं, “कंत्राटदार रोज फक्त तीन आकडे बघतो. पण प्रत्येक मुलाचा महिन्याचा तक्ता एका पानावर लागतो, भांडण झालं की तोच काढतात.” ॲपवाल्याने वाचलं, “मला जानेवारीपासून पूर्णवेळ इंटर्नशिप आहे, आठवड्याला सहा तासच देऊ शकतो.” हे त्याने महिनाभर सांगितलं नव्हतं. डेटाबेसवालीने वाचलं, “पोस्टग्रेस घेतलं तर सर्व्हर, लॉगिन, बॅकअप हे सगळं माझ्या एकटीवर येईल आणि मी लॉगिन कधी लिहिलेलं नाही.” पोस्टग्रेसची बाजू घेणारीनेच पोस्टग्रेसची खरी किंमत सांगितली. तोंडी वादात हे निघालं नसतं.

पुढची पायरी अंदाजाची. पोस्टग्रेसवर जायला किती दिवस लागतील, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून एकदम उलटवलं: ३, ५, ८ आणि १२. सरासरी ७ काढून पुढे जाणं ही इथली नेहमीची चूक. सरासरीने फरक झाकला जातो आणि माहिती त्या फरकातच असते. फक्त ३ आणि १२ लिहिणाऱ्यांना बोलायला सांगितलं. ३ वाल्याने टेबलं आणि क्वेरी एवढंच मोजलं होतं. १२ वालीने लॉगिन, सर्व्हर चढवणं, फ्लटरमधली प्रत्येक डेटा आणणारी जागा बदलणं आणि पुन्हा टेस्टिंग मोजलं होतं. दुसऱ्या चिठ्ठीत सगळे १० ते १२ वर आले.

मग तक्ता. निकष, त्यांचं वजन आणि प्रत्येक पर्यायाला १ ते ५ गुण. महिन्याचा हिशेब वजन ५, शिकायला लागणारा वेळ ४, फुकट मर्यादा ३, नेटशिवाय चालणं २. सध्याच्या रचनेतल्या फायरस्टोअरला अनुक्रमे २, ५, २, ५ गुण, म्हणजे एकूण ४६. पोस्टग्रेसला ५, २, ५, १, म्हणजे ५०.

बरेच गट इथे थांबतात आणि ब्लॅक बुकमध्ये हा तक्ता ‘तुलनात्मक अभ्यास’ म्हणून छापतात. पण ‘शिकायला लागणारा वेळ’ याचं वजन ४ ऐवजी ६ केलं की फायरस्टोअर ५६ आणि पोस्टग्रेस ५४ होतं. एका निकषाचं वजन दोनने हललं की निकाल उलटतो, म्हणजे हा तक्ता निर्णय देत नाही. त्याचा खरा उपयोग असा, की मतभेद नेमका कुठल्या चौकोनात आहे ते दिसतं. इथे तो ‘महिन्याचा हिशेब: २’ या चौकोनात होता. ॲपवाल्याचं म्हणणं, २ का? ४ का नाही? वजनं गुण देण्याआधी ठरवून शाईने लिहावीत. गुण बघून वजन बदलण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

आणि त्या चौकोनावर बोट ठेवून डेटाबेसवालीने प्रश्न विचारला: “एका जेवणाला एक नोंद, हे कुणी ठरवलं?”

कुणीच ठरवलं नव्हतं. ॲपवाल्याने पहिल्या आठवड्यात तसं लिहिलं होतं आणि ते तसंच राहिलं.

खरा निर्णय

वसतिगृहातल्याने सांगितलेला ‘एका मुलाचा महिन्याचा तक्ता एका पानावर’ हाच नोंदीचा आकार घेतला तर? एका मुलाचा एका महिन्याचा एक दस्तऐवज, त्यात ३० दिवस गुणिले ३ जेवणं म्हणजे ९० छोट्या खुणा. फायरस्टोअरमध्ये एका दस्तऐवजाला सुमारे १ एमबीची मर्यादा आहे. ९० खुणा तिच्या जवळपासही जात नाहीत.

महिन्याचा पूर्ण रिपोर्ट: ३६,००० ऐवजी ४०० वाचनं. रोजचे तीनही आकडे: १,२०० ऐवजी ४००, म्हणजे दिवसातून १२५ वेळा ताजे केले तरी मर्यादेत. खोटा डेटा भरणं: ३६,००० ऐवजी ४०० लेखनं, दोन दिवसांचं काम काही मिनिटांचं. डेटाबेस तोच, लॉगिन तेच, ॲपमधल्या तीन फाइली बदलायच्या.

गट दोन महिने डेटाबेसच्या नावावर अडून बसला होता आणि निर्णय हवा होता नोंदीच्या आकारावर. तिसरा पर्याय कुणा एकाच्या डोक्यातून आला नाही. वसतिगृहातल्याचं ‘एक पान’ आणि डेटाबेसवालीचं मोजमाप एकाच फळ्यावर आलं, तेव्हा तो दिसला. पहिल्या बुधवारी हे घडू शकलं असतं का? तंत्राच्या दृष्टीने नक्कीच. सगळी माहिती तेव्हाही खोलीत होती.

पर्याय फुकट मात्र नव्हता. एका जेवणाला एक नोंद असताना ‘रात्री ९ नंतर बदल नको’ हा सुरक्षा नियम सोपा होता. आता एकाच दस्तऐवजात महिनाभराच्या खुणा असल्याने, नेमकी कुठली खूण बदलली ते नियमात तपासावं लागतं आणि मग त्या खुणेची तारीख सर्व्हरच्या वेळेशी ताडावी लागते. वेळ फोनच्या घड्याळाची घ्यायची नाही, ते कुणीही मागे करू शकतं. नियमात मिळणारी विनंतीची वेळच वापरायची. हा नियम आणि त्याच्या चाचण्या यांना डेटाबेसवालीने चार दिवस मागितले आणि गटाने दिले. नाताळपासून खुले असलेले नियम त्याच दिवशी बंद करायचे, हेही तिथेच ठरलं.

आणखी एक पर्याय पुढे आला होता: रोजच्या प्रत्येक जेवणाचा एकच मोजणी-दस्तऐवज ठेवायचा आणि प्रत्येक बदलागणिक त्यात एक वाढवायचा किंवा कमी करायचा. वाचनं आणखी कमी झाली असती. पण एकाच दस्तऐवजावर सतत लिहायची व्यवहार्य गती सेकंदाला साधारण एक, आणि मुलं नोंद करतात ती ९ वाजायच्या आधीच्या दहा मिनिटांत. सगळे एकाच आकड्यावर तुटून पडले असते. प्रत्येक मुलाचा दस्तऐवज वेगळा असला की ही गर्दी होतच नाही. पर्याय सोडला, पण का सोडला ते लिहून ठेवलं.

नोंद कशी लिहिली

सॉफ्टवेअर आराखड्यातले निर्णय छोट्या टिपणात नोंदवायची पद्धत मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली मांडली: परिस्थिती, निर्णय, सद्यस्थिती, परिणाम. गटाने त्यात विद्यार्थ्यांना लागणारे दोन रकाने घातले. पूर्ण नोंद एवढीच:

निर्णय क्र. ३. परिस्थिती: महिन्याच्या एका रिपोर्टला ३६,००० वाचनं, फुकट मर्यादा ५०,०००. निर्णय: एका मुलाला एका महिन्याचा एक दस्तऐवज. सोडलेले पर्याय: पोस्टग्रेस (१० ते १२ दिवस, एकीवर भार), एकच मोजणी-दस्तऐवज (९ वाजताची गर्दी). परिणाम: सुरक्षा नियम अवघड, चार दिवस. पुन्हा कधी उघडायचा: मुलांची संख्या २,००० च्या वर गेली, किंवा एका दिवसाची वाचनं ३०,००० झाली तर. सद्यस्थिती: मान्य, चौघांच्या सह्या.

‘सोडलेले पर्याय’ आणि ‘पुन्हा कधी उघडायचा’ हे ते दोन रकाने. पहिला एक्स्टर्नलसाठी: ‘पोस्टग्रेस का नाही?’ या प्रश्नाला चौघांपैकी कुणीही आकड्यांनी उत्तर देऊ शकतं. दुसरा गटाच्या आतल्या शांततेसाठी. आपलं मत मागे पडलेला माणूस दर आठवड्याला तोच वाद उकरून काढतो, तो बहुतेक वेळा हट्टापायी नाही. आपला मुद्दा कधी ऐकला जाईल हे त्याला माहीत नसतं म्हणून. अट लिहिलेली असली की तो वाट बघतो.

ही नोंद कोडच्याच रिपॉझिटरीत (गटाचा कोड साठवायच्या जागेत), ‘निर्णय’ नावाच्या फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली. व्हॉट्सॲपवर ठेवलेला निर्णय तीन दिवसांत फॉरवर्डखाली गाडला जातो. आणि फाइल पुल रिक्वेस्टने (बदल आत घेण्याच्या विनंतीने) येत असल्यामुळे आणि मान्यतेची अट लावलेली असल्यामुळे बाकी तिघांपैकी किमान एकाने वाचून मान्य केल्याशिवाय ती मुख्य शाखेत जात नाही.

कुठला निर्णय कुणाचा

सगळ्या गोष्टी या पद्धतीने ठरवायला गेलं तर प्रोजेक्ट होणारच नाही. गटाने नियम केला तो असा: बदल मागे घ्यायला एका दिवसाहून कमी लागत असेल तर ज्याचा भाग त्याने ठरवावं आणि कळवावं. बटणाचा रंग, पानांची नावं, फाइलींची मांडणी यावर बैठक नाही. एका दिवसाहून जास्त लागत असेल, किंवा दुसऱ्याच्या भागातला कोड त्यामुळे बदलत असेल, तर आधी झळ पोचणाऱ्यांना विचारावं, मग मालकाने ठरवावं, मग नोंद. चौघांची पूर्ण बैठक फक्त डेटाचा आकार, सुरक्षा, आणि मॅडमना कबूल केलेल्या गोष्टी बदलताना. नाताळातली ती तारीख ढकलणं या नियमाने थेट तिसऱ्या प्रकारात जातं.

मतदान फक्त बैठकीची वेळ आणि असल्याच गोष्टींना. आकड्याने सुटणारा प्रश्न मताने सोडवू नये. दोन दिवसांची चाचणी करून सोडवावा. त्या चाचणीतही सगळ्यात अवघड क्वेरी आधी चालवावी, पूर्ण आकाराच्या डेटावर. दहा मुलांच्या डेटावर दोन्ही डेटाबेस उत्तम चालतात आणि काहीच कळत नाही.

गाईडच्या भूमिकेबद्दलही बोलायला हवं. अडलेला गट मॅडमकडे जाऊन “तुम्हीच सांगा” म्हणतो, आणि मॅडमकडे त्या दुपारी आणखी पाच गट थांबलेले असतात. दोन मिनिटांत मिळालेलं उत्तर योग्य असलं तरी गटाला त्यामागचं कारण मिळत नाही, आणि पुढे ते मोडलं की ‘मॅडमनीच सांगितलं होतं’ एवढंच हातात उरतं. इथे मॅडमनी उत्तर न देता नोंद मागितली. गाईडकडून यापेक्षा जास्त उपयोगाचं काही क्वचितच मिळतं.

मार्चमधला छोटा प्रश्न

नवी रचना रिव्ह्यूत चालली. त्यानंतर वसतिगृहातल्या २० मुलांवर चाचणी घेताना वेगळंच काही निघालं. तळमजल्यावर नेट नीट येत नाही. एका मुलाने ८:५० ला ‘उद्या दुपारचं नको’ दाबलं. फायरस्टोअर नेट नसताना बदल फोनवर ठेवतं आणि नेट आलं की पाठवतं, त्यामुळे ॲपने ‘नोंद झाली’ दाखवलं. नेट आलं ९:२० ला. सर्व्हरच्या वेळेप्रमाणे मुदत संपलेली, नियमाने बदल नाकारला आणि खूण गुपचूप परत फिरली. मुलाला वाटलं सूट मिळणार. हिशेबात तो जेवलेला.

या वेळी वसतिगृहातल्याने बैठक बोलावली. पंचवीस मिनिटांत संपली. चौघांनी आधी लिहिलं. त्याच्या कागदावर होतं, की मुदत लांबवली तर कंत्राटदार ॲप वापरणं सोडेल, कारण पीठ रात्रीच काढून ठेवतात. ॲपवाल्याच्या कागदावर होतं, की बदल अजून पाठवायचा बाकी आहे का ते फायरस्टोअर सांगतं, फक्त आपण ते वाचत नाही. मुदत ९ चीच राहिली. ‘नोंद झाली’ हे शब्द सर्व्हरने मान्य केल्यावरच दाखवायचे, तोवर पिवळ्या पट्टीवर ‘पाठवत आहे, नेट तपासा’; नाकारलं गेलं तर फोनवर तसं स्पष्ट सांगायचं. एका दिवसाचं काम, मालक ॲपवाला, निर्णय क्र. ७. ‘पुन्हा कधी उघडायचा’ या रकान्यात लिहिलं: एका महिन्यात नाकारलेल्या नोंदींच्या दहाहून जास्त तक्रारी मेस समितीकडे आल्या तर.